फ्लाइट १९ 'एकाएकी' गायब झाली नव्हती

बर्म्युडा त्रिकोणाचा विषय निघाला की ५ डिसेंबर १९४५ची पाच विमानं, म्हणजेच 'फ्लाइट १९', येतातच: हवा स्वच्छ, समुद्र शांत आणि क्षणात सगळी गडप. नोंदी वेगळंच सांगतात.

फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून दुपारी २:१०ला अमेरिकी नौदलाची पाच ॲव्हेंजर विमानं सरावाला निघाली, १४ जणांसह. पूर्वेला बहामापर्यंत, मग उत्तरेला, मग नैर्ऋत्येला वळून परत. दीडेक तासाने प्रमुख चार्ल्स टेलर रेडिओवर म्हणाला, दोन्ही होकायंत्रं बंद पडली आहेत. खालची बेटं त्याला फ्लोरिडा कीज (फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाकडची बेटांची रांग) वाटली; बहुधा ती बहामाचीच होती. इथेच घात झाला. कीजवरून ईशान्येला गेलं तर फ्लोरिडाचा किनारा लागतो. बहामावरून तीच दिशा धरली तर उघडा अटलांटिक. हवं होतं फक्त पश्चिमेला जाणं, आणि तसं त्याचे साथीदार बोललेही. साथीदारांशी संपर्क तुटेल या भीतीने तो आपत्कालीन वारंवारितेवरही गेला नाही. सातपर्यंत तुटक बोलणी ऐकू येत होती, म्हणजे जवळपास पाच तास! तोवर अंधार, खवळलेला समुद्र आणि संपत आलेलं इंधन.

शोधाला गेलेलं मरिनर विमानही परतलं नाही, पण त्याचं गूढ तर त्याहून कमी: ७:५०ला गेन्स मिल्स जहाजाने ज्वाळा पाहिल्या, म्हणजे बहुधा विमानाचा स्फोट झाला.

मग नौदलाचा 'कारण अज्ञात' हा शेरा कुठून आला? नौदलाच्या मूळ अहवालात दोष टेलरवर होता. त्याच्या आईने आक्षेप घेतल्यावर तो बदलून 'कारण अज्ञात' केला.