‘बीपीए-फ्री’ शिक्क्यामागचा इतिहास

बिस्फेनॉल-ए, म्हणजेच बीपीए, हे रसायन रशियन शास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनी १८९१ मध्ये तयार केलं. १९३० च्या दशकात लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांना ते शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं काम करतं असं आढळलं. त्याहून प्रभावी रसायनं सापडल्याने औषध म्हणून ते मागे पडलं. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत हेर्मान श्नेल यांनी त्यापासूनच पॉलिकार्बोनेट बनवलं. काचेसारखं स्वच्छ आणि आपटलं तरी न फुटणारं हे प्लॅस्टिक बाळांच्या दुधाच्या बाटल्यांपासून पाण्याच्या जारपर्यंत सगळीकडे पोचलं. संप्रेरकासारखं वागणाऱ्या रसायनाची भांडी करताना त्याचा हा गुण कुणी मनावर घेतला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

धोका लक्षात आला तो अपघाताने. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला पॅट्रिशिया हंट उंदरांच्या अंडपेशींचा अभ्यास करत होत्या. एरवी शेकड्याला एक-दोन पेशींत गुणसूत्रांची मांडणी बिघडलेली दिसे; अचानक ते प्रमाण चाळीसवर गेलं. शोध घेतल्यावर कळलं की पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकीच्या, तीव्र डिटर्जंटने धुतल्या गेल्या होत्या. प्लॅस्टिक खराब होऊन त्यातलं बीपीए उंदरांच्या पोटात जात होतं. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.

एप्रिल २००८ मध्ये कॅनडा सरकारने बाळांच्या पॉलिकार्बोनेट बाटल्यांवर बंदीचा प्रस्ताव मांडला. त्याच सुमारास गिर्यारोहकांच्या आवडत्या नाल्जीन या बाटल्यांच्या ब्रँडने बीपीए असलेल्या बाटल्या बंद करायचं ठरवलं, आणि ‘बीपीए-फ्री’ शिक्क्याची लाट आली. युरोपने २०११ मध्ये, अमेरिकेने २०१२ मध्ये बाळांच्या बाटल्यांतून बीपीए हद्दपार केलं. भारतीय मानक ब्युरोचा तसा नियम २०१५ चा; मोठ्यांच्या बाटल्या त्यात नव्हत्या.

हा शिक्का बाटलीत काय नाही एवढंच सांगतो. अनेक उत्पादनांत बीपीएच्या जागी त्याचंच भावंड, बीपीएस, आलं. २०१८ मध्ये हंट यांच्याच गटाला, पुन्हा खराब झालेल्या पिंजऱ्यांमुळे, अशा पर्यायी रसायनांचेही तसेच परिणाम दिसले. २०२३ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नपाण्याच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंतल्या बीपीएवर बंदी घातली आणि इतर घातक बिस्फेनॉलही त्याच नियमात आणले. घरातल्या पॉलिकार्बोनेटच्या बाटलीत उकळतं पाणी ओतू नका. ती धुरकट झाली असेल, चरे पडले असतील, तर सरळ काढून टाका.