अरुणा शानबाग प्रकरण: दयामरणाच्या वादामागे राहून गेलेला प्रश्न

अरुणा शानबाग हे नाव निघालं की बोलणं थेट दयामरणावर जातं. मूळ घटना मात्र ड्यूटीवरच्या परिचारिकेवर तिच्याच रुग्णालयात झालेल्या हल्ल्याची आहे.

कर्नाटकातल्या हळदीपूरच्या अरुणा मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात स्टाफ नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या. तिथे एका सफाई कामगाराने कुत्र्याची साखळी गळ्याभोवती आवळून त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला त्या रक्ताच्या थारोळ्यात बेशुद्ध सापडल्या. त्यातून त्या कधीच सावरल्या नाहीत, अखेरपर्यंत अंथरुणाला खिळून राहिल्या.

पुढे खटला चालला तो खुनाचा प्रयत्न आणि लुटीचा. लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही. बदनामी नको, ठरलेलं लग्न मोडायला नको, म्हणून ती बाजू झाकली गेली असं सांगितलं जातं. सात-सात वर्षांच्या दोन शिक्षा, त्याही एकत्रच भोगायच्या. एवढ्यावर आरोपी सुटला.

मुंबईतल्या परिचारिकांनी तेव्हा संप केला. अरुणांना नीट उपचार मिळावेत आणि आपल्याला काम करण्याजोगी परिस्थिती असावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पहिली मागणी त्यांनी स्वतःच निभावली. वॉर्ड क्रमांक ४ लगतच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या सिस्टर्सनी अरुणांना मऊ कालवून भरवलं, आंघोळ घातली, वेळच्या वेळी कूस बदलली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला नाही. नर्सिंगमधल्या कुणालाही विचारा, यामागे किती कष्ट असतात ते. ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना हलवायचा घाट घातला, तोही परिचारिकांनीच हाणून पाडला.

म्हणूनच पत्रकार पिंकी विराणी यांनी दयामरणासाठी याचिका केली तेव्हा परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, पण कडक अटींवर निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरण येऊ देण्याला, वाट करून दिली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क याचिकाकर्तीचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असंही न्यायालयाने म्हटलं. सेवा करणाऱ्याच्या शब्दाला इतकं वजन क्वचितच मिळतं. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेल्या.

संपातली दुसरी मागणी मात्र रेंगाळली. महाराष्ट्राने २०१० मध्ये वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, पण त्याचा सगळा रोख रुग्णाच्या संतापलेल्या नातेवाइकांवर आणि तोडफोडीवर होता. अरुणांचा हल्लेखोर बाहेरचा नव्हताच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा यायला २०१३ उजाडलं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात अरुणांचं नाव पुन्हा निघालं. न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं आणि त्याला जे विषय अभ्यासायला दिले, त्यांत कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र विश्रांतीच्या खोल्या, सीसीटीव्ही आणि रात्री घरी पोचवण्याची सोय होती.