सँ-पिएरसमोर दिसतं ते मिकलों गाव नव्हे

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटापासून जेमतेम 25 किमीवर फ्रान्सचा एक तुकडा अजून टिकून आहे, हे आता पुष्कळांना ठाऊक असतं. पण त्याचं नाव ‘सँ-पिएर आणि मिकलों’ असं एका दमात घेतलं जातं आणि तिथूनच घोळ सुरू होतो. एकीकडचा इतिहास दुसरीकडे चिकटवला जातो, फोटोखाली भलतंच नाव पडतं. बेटं वेगळी, नगरपालिका वेगळ्या, माणसांची मुळंही वेगळी.

सँ-पिएरबद्दल फार सांगायला नको. सुमारे 25 चौ.किमी.चं खडकाळ बेट, बंदर, रंगीत लाकडी घरं. एकूण 6,000च्या आसपास वस्तीतले दहापैकी नऊ लोक इथेच राहतात. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात (1920 ते 1933) चोरट्या दारूची गोदामं होती ती याच बंदरात. चलन युरो, पण हा भाग शेंगेनमध्येही (युरोपातला एकाच व्हिसाचा प्रदेश) नाही आणि युरोपीय संघातही नाही.

खरी गफलत होते ती लांग्लादमुळे. सँ-पिएरच्या पश्चिमेला सुमारे 6 किमीची खाडी आहे, पलीकडे हिरवी टेकाडं दिसतात. पाहणारा बिनदिक्कत ‘ते मिकलों’ म्हणून मोकळा होतो. ते लांग्लाद आहे, म्हणजे मिकलों बेटाचा दक्षिण भाग. मिकलों गाव तिथून रस्त्याने जवळपास 25 किमी उत्तरेला, पार दुसऱ्या टोकाला. मधे आहे सुमारे 12 किमी लांबीचा वाळूचा दांडा. जुन्या नकाशांत मिकलों आणि लांग्लाद ही दोन सुटी बेटं दिसतात. लाटा आणि प्रवाहांनी आणलेली वाळू व गोटे साचत गेले आणि 18व्या शतकात ती जोडली गेली. दांड्याच्या उत्तर टोकाला ‘ग्रां बाराश्वा’ नावाचं खाजण आहे. ओहोटीला तिथल्या वाळूवर सील पहुडलेले असतात.

बुडालेल्या जहाजांच्या सांगाड्यांवर वाळू साचून हा दांडा झाला, ही कथा आता पुरे करावी. कार्यकारणभाव नेमका उलटा आहे. लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचं उबदार पाणी जवळ येतं, दाट धुकं पडतं आणि हा बुटका दांडा जहाजांना दिसतच नाही. म्हणून शेकडो जहाजं या बेटांभोवती आपटली.

कागदोपत्री लांग्लाद मिकलोंच्याच नगरपालिकेत मोडतं. तिथली उन्हाळी घरं मात्र मुख्यतः सँ-पिएरकरांची, आणि हिवाळ्यात तिथे चिटपाखरू नसतं. बोटीचं तिकीट काढताना लांग्लादचा धक्का की मिकलोंचा, हे आधी पाहून घ्या. लांग्लादला उतरलात तर गाव पायी गाठण्याचा विचार सोडा.

इतिहासातही हीच सरमिसळ. ‘बेटांवरचे लोक अकेडियन वंशाचे’, म्हणजे आजच्या पूर्व कॅनडातल्या अकेडिया या जुन्या फ्रेंच वसाहतीतले, असं सरसकट लिहिलं जातं. ब्रिटनशी झालेल्या 1763च्या पॅरिस तहात फ्रान्सकडे उत्तर अमेरिकेतली एवढीच बेटं राहिली (पाँडिचेरी परत मिळाली तीही याच तहात). ब्रिटिशांनी अकेडियातून हुसकावलेली कुटुंबं तेव्हा मुख्यतः मिकलोंला आली. सँ-पिएर व्यापाऱ्यांचं आणि कॉड पकडणाऱ्या मच्छीमारांचं. तिथे फ्रान्सच्या किनारी प्रांतांतले ब्रेतों, नॉर्मन, बास्क. मिकलोंच्या अकेडियनांना मात्र पुन्हा पुन्हा उठावं लागलं. 1778 मध्ये ब्रिटिशांनी बेटं घेतली, घरं जाळली, लोकांना फ्रान्सला धाडलं. 1783 मध्ये बेटं परत मिळाली, 1793 मध्ये पुन्हा गेली. कायमचं परतणं झालं ते 1816 मध्ये. पाँडिचेरीही 1778 आणि 1793 मध्येच ब्रिटिशांच्या हाती पडली होती. हा योगायोग नाही. युरोपात युद्ध पेटलं की दोन्हीकडे एकदमच झळ बसे.

‘सँ-पिएर समुद्रात बुडतंय’ हाही असाच मथळा. धोका आहे तो मिकलों गावाला. ते वाळू-गोट्यांच्या सखल पट्टीवर, समुद्रसपाटीपासून जेमतेम 2 मीटर उंचीवर वसलं आहे. म्हणून ते टप्प्याटप्प्याने वरच्या जमिनीवर हलवण्याचं ठरलं. सँ-पिएर शहर उठून कुठेही चाललेलं नाही. उठतंय ते मिकलों, ज्याची लोकवस्ती सातशेही नाही.