रक्तगट एकच असला म्हणून थॅलेसेमिया होत नाही

स्थळ पसंत पडतं, पत्रिका जुळते आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘दोघांचा रक्तगट एकच? मुलांना थॅलेसेमिया होईल हो!’ हे खरं नाही. थॅलेसेमिया हा आईवडिलांच्या जनुकांतून येणारा रक्ताचा आजार; त्यात शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयार होत नाही. ए, बी, ओ गट ठरवणारं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं, बीटा थॅलेसेमियाचं (इथे बोलतोय तो या आजाराचा प्रकार) अकराव्यावर. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. (आई आरएच निगेटिव्ह, वडील पॉझिटिव्ह असतील तर काळजी घ्यावी लागते, पण ती गोष्ट वेगळी आणि त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे.)

पाहायचं असतं ते हे, की दोघेही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले वाहक, आहेत का. वाहक माणूस धडधाकट असतो, फार तर हिमोग्लोबिन किंचित कमी. म्हणूनच ‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही’ या बोलण्यावर विसंबता येत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलेसेमिया मेजर, म्हणजे प्रत्यक्ष आजारी, असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. प्रत्येक वेळी! पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब नसतो. आणि मेजर मुलाकडे दोन सदोष जनुकं येतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तरी बोल एकट्या सुनेलाच लावतात, याचा मला मनस्वी राग येतो.

लग्नाआधी एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) मोजणारी रक्ततपासणी करा. दोघेही वाहक निघाले तरी लग्न मोडायलाच हवं असं नाही. गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्यात करता येते.