शब्दभ्रम

ओठ न हलवता बोलायचे आणि तो आवाज हातातल्या बाहुलीच्या तोंडून आला असे प्रेक्षकांना भासवायचे, या कलेला शब्दभ्रम म्हणतात. लोकांच्या तोंडी मात्र ‘बोलक्या बाहुल्या’ हेच नाव आहे. जादूचे प्रयोग, शाळेचे स्नेहसंमेलन, मुलांचा वाढदिवस अशा ठिकाणी हा खेळ हमखास रंगतो. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्यांत दोऱ्या ओढणारा आडोशाला असतो. शब्दभ्रमकार मात्र बाहुली मांडीवर घेऊन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसतो.

कलाकार पोटातून बोलतो हा समज फार जुना आहे. या कलेच्या लॅटिन नावाचा अर्थही तोच. खरे तर आवाज नेहमीसारखा कंठातूनच निघतो. तो नेमका कुठून आला हे ठरवताना आपण डोळ्यांवर अधिक विसंबतो. चित्रपटगृहात ध्वनिक्षेपक पडद्याच्या बाजूला असले तरी संवाद नटाच्या तोंडून ऐकू येतात, तसेच इथे घडते. हलणारा जबडा दिसला की कान तिकडे वळतो.

खरी कसोटी प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य व्यंजनांची. ओठांना ओठ लागल्याशिवाय ती नीट उमटत नाहीत. म्हणून जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकवून त्यांच्या जवळचा उच्चार करतात: पच्या जागी त, बच्या जागी द, मच्या जागी न. मराठीत याची मोठी पंचाईत होते, कारण जीभ जरा जोरात टेकली की ‘बाबा’चे ‘दादा’ आणि ‘मामा’चे ‘नाना’ होतात, आणि ही सगळीच घरातली माणसे! त्यामुळे जिभेचा स्पर्श हलका ठेवावा लागतो आणि उच्चारताना मनात मूळ अक्षरच धरावे लागते. उरलेली कसर ऐकणारा संदर्भावरून भरून काढतो. आरशासमोर, दात किंचित मिटून, ओठ जरासे विलग ठेवून हा सराव महिनोन्‌महिने चालतो.

बाहुलीचे डोके पोकळ असते. पाठीतल्या फटीतून हात आत घालून मानेची काठी धरतात. काठीवरच्या खटक्यांनी जबडा, डोळे, कधी भुवयाही हलतात. प्रत्येक अक्षराला जबडा उघडलाच पाहिजे. पण बोलण्याइतकेच ऐकणेही महत्त्वाचे. कलाकार बोलत असताना बाहुली त्याच्याकडे मान वळवून बघते, डोळे फिरवते, तेव्हा ती जिवंत होते. बाहुली आगाऊ आणि माणूस समजूतदार, ही जोडी मुलांना फार आवडते. मोठ्यांना उलट उत्तर द्यायची मुभा तिला असते, म्हणून मुले तिचीच बाजू घेतात.

ब्रिटिश कलाकार फ्रेड रसेल याने 1896 मध्ये लंडनच्या रंगमंचावर एकाच बाहुलीशी गप्पा मारण्याचा प्रकार लोकप्रिय केला. महाराष्ट्रात ही कला रुजवली यशवंत पाध्ये यांनी. त्यांचा बाहुला अर्धवटराव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. या नावात प, फ, ब, भ, म यांपैकी एकही व्यंजन नाही. सोबतीण आवडाबाईच्या नावात मात्र ‘बा’ आहे. रामदास पाध्ये यांनी 1967 पासून वडिलांचा वारसा पुढे नेला आणि बाहुल्या दूरदर्शन, जाहिराती व चित्रपटांत नेल्या. 1993च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू त्यांनीच घडवला. पुढची पिढी सत्यजित पाध्ये यांची.

खेळाच्या शेवटी बाहुलीला पेटीत निजवण्याचा एक जुना प्रकार आहे. झाकण लागते, आणि आतून घुसमटलेला आवाज येतो. गळा आवळून, जीभ मागे ओढून काढलेला हा आवाज दुरून आल्यासारखा वाटतो. ‘अहो, झाकण उघडा!’ या वाक्यात ओठ मिटायची गरजच पडत नाही, आणि समोरची मुले पेटीकडे धाव घेतात.