काटा झाला, आता टेप आणा

सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करा, उरेल तेवढे किलो वजन हवं. सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरायला येणाऱ्या कुणालाही विचारा, हा हिशेब तोंडपाठ असतो. तो एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या नावावर आहे आणि सोपा आहे म्हणूनच आजवर टिकला. पण उंची वाढते तसा तो सैल होत जातो. १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईला तो ५० किलो देतो, ते ठीकच आहे. १८० सेंटिमीटरच्या माणसाला मात्र थेट ८० किलो देतो, आणि आपल्याकडच्या निकषांनी ते जास्त आहे.

डॉक्टर बीएमआय, म्हणजे बॉडी मास इंडेक्स काढतात. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, बस. याचा पाया बेल्जियमचे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३०च्या दशकात घातला. त्यांना लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं. 'सरासरी माणूस' कसा असतो, हे ते आकड्यांतून शोधत होते. १९७२ साली अमेरिकी संशोधक अँसेल कीज यांनी या भागाकाराला आजचं नाव दिलं, तेही मोठ्या लोकसमूहांची तुलना करायला सोयीचं माप म्हणून. हजारो लोकांच्या पाहणीत ते छान चालतं. एकट्या माणसाला समोर बसवून त्याच्या तब्येतीचा निकाल द्यायला ते अपुरं पडतं.

तरी सुरुवात तिथूनच करावी, कारण दुसरं इतकं स्वस्त माप नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण निकषांप्रमाणे १८.५ ते २४.९ म्हणजे निरोगी. भारतीयांसाठी डॉक्टर वरची रेघ खाली आणतात: २३ पासून वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. म्हणजे १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचं वजन साधारण ४७ ते ५९ किलोंच्या दरम्यान हवं. हा पट्टा चांगला अकरा-बारा किलोंचा आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवा. 'माझं वजन ५४च पाहिजे' म्हणून जीव जाळणाऱ्या कितीतरी बाया-माणसांना ५६ किलोंवर काहीच धोका नसतो.

आपली रेघ खाली का आणली, याचं उत्तर देणारा एक फोटो २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. फोटोत दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे: पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण क्ष-किरणांच्या खास तपासणीत यडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्याच्या दृष्टीनं सारखी असलेली दोन शरीरं आतून इतकी वेगळी होती. हाडापेरानं बारीक, स्नायू कमी आणि चरबी जास्त, ही आपल्याकडची ठेवण आहे. ती जन्मापासूनच दिसते, हेही याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांत दाखवलं. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळं स्नायूंनी लहान होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखली होती.

ही चरबी कुठे बसते, त्यावर पुढचं सगळं ठरतं. मांड्या-कुल्ह्यांवर, कातडीखाली बसलेली चरबी त्यामानानं गरीब असते. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी त्रास देते. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतात. यकृतात चरबी साचते, ते इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि साखर वाढू लागते. त्यात स्नायू आधीच कमी. जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त खेचून घेतात ते स्नायूच, त्यामुळे तीही वाट अरुंद. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं सुटलेलं आणि रिपोर्टमध्ये साखर, असा माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक तरी असतो. घरचे म्हणतात, "काका तर किती बारीक आहेत, त्यांना कशी काय शुगर?" काकांची कंबर कुणी मोजलेलीच नसते.

ती मोजायची रीत नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण पॅन्टचा नंबर सांगून मोकळे होतात. पॅन्ट पोटाच्या खाली बांधली जाते, तिचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो आणि पोट त्यावरून पुढे येत राहतं. शिंप्याकडे असतो तसा टेप घ्या. कुशीत बोटांनी सगळ्यांत खालची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाची वरची कड. या दोघांच्या बरोबर मध्ये, उघड्या अंगावर, जमिनीला समांतर टेप गुंडाळा. पोट आत ओढू नका. नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर बीएमआय काहीही असो, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. आकडे लक्षात राहत नसतील तर एवढं पाहा, की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे.

काट्यावरच्या रोजच्या चढउताराला मात्र भुलू नका. नागपूरच्या मे महिन्यात दुपारभर उन्हात काम करणाऱ्याचा एक लिटर घाम गेला की काटा किलोभर उतरतो आणि पाणी प्यायलं की परत चढतो. रात्री सावजी जेवलात तर सकाळी आकडा वाढलेला दिसेल. त्यात मिठानं धरून ठेवलेलं पाणी असतं आणि पोटातलं अन्नही. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर मोजा.

काही शरीरांना बीएमआयचं माप लागूच पडत नाही: गरोदर बाया, अंगावर सूज असलेले रुग्ण, तालमीत कमावलेली माणसं. म्हातारपणी तर ते फसवतंच. साठीनंतर वजन तेच राहिलं तरी आतला स्नायू जाऊन त्याच्या जागी चरबी येते. आजोबांना खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, हे मला त्यांच्या किलोंपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

वजनाचं बोलणं निघालं की शहरात सगळे कमी करण्याबद्दलच बोलतात, याचं मला वाईट वाटतं. विदर्भाच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या कितीतरी बायांना वजन वाढवायची गरज आहे. १८.५ च्या खालचा बीएमआय म्हणजे अशक्तपणा, क्षयरोगाचा वाढलेला धोका, कमी वजनाची बाळं. आणि काही न करता सहा महिने-वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी उतरलं, म्हणजे ६० किलोंचे ५७ झाले, तर 'बरं झालं, बारीक झाली' असं म्हणू नका. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत नेऊन दाखवा. क्षय, मधुमेह, थायरॉइड, कर्करोग यांपैकी काहीही मागे असू शकतं.

ज्यांना उतरवायचं आहे त्यांनी थेट 'आदर्श' आकड्यावर नजर लावू नये. ८० किलोंच्या माणसानं पाच-सहा किलो कमी केले तरी साखर आणि रक्तदाब यांत फरक दिसतो. काटा हललाच नाही तरी कष्ट वाया जात नाहीत. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर चेन्नईत एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली आले. रोज किमान अर्धा तास चालणं आणि जेवणात बदल, एवढंच त्यातल्या एका गटाला सांगितलं होतं. तीन वर्षांत त्या गटाचं वजन फारसं घटलं नाही, तरी मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं.