आतड्यांचा दाहविकार : प्रतिकारयंत्रणा आणि रेणवीय संशोधन

क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या दोन चिवट आजारांना मिळून आतड्यांचा दाहविकार किंवा आयबीडी म्हणतात. कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो, मोठ्या आतड्यात सलग वर पसरतो आणि आतल्या अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्ये निरोगी भाग सोडत उठतो आणि आतड्याची भिंत आरपार पोखरतो. जुलाब, पोटदुखी, शौचातून रक्त, घटते वजन हा त्रास अनेकांना ऐन तारुण्यात सुरू होतो आणि आयुष्यभर कमी-जास्त होत राहतो.

‘तुमची प्रतिकारशक्ती तुमच्यावरच उलटली आहे’ असे रुग्णाला सांगितले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. येथे प्रतिकारयंत्रणेचा रोख मुख्यतः आतड्यात वस्तीला असलेल्या जिवाणूंवर असतो, आणि त्यामागे बऱ्याचदा प्रतिकारशक्तीचाच कुठला तरी कमकुवत दुवा असतो.

मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. त्यांच्या आणि शरीराच्या मध्ये पेशींचा जेमतेम एक थर असतो. त्यावर श्लेष्माचे, म्हणजे बुळबुळीत स्रावाचे, दोन थर पसरलेले असतात. बाहेरच्या सैल थरात जिवाणू मजेत राहतात, आतला घट्ट थर मात्र जवळपास जिवाणूमुक्त असतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात गुन्नार हान्सन यांच्या गटाने 2008 मध्ये उंदरांमध्ये हे दाखवले. श्लेष्माचे मुख्य प्रथिन एमयूसी2 ज्या उंदरांत बनत नव्हते त्यांच्यात जिवाणू थेट पेशींना जाऊन भिडले होते आणि त्या उंदरांना कोलायटिस होत असे. कोलायटिसच्या रुग्णांतही हा आतला थर जिवाणूंना शिरकाव देतो असे पुढे दिसून आले. लहान आतड्यात असा दुहेरी थर नसतो. तेथे पॅनेथ पेशी जिवाणूनाशक प्रथिने सोडून पहारा देतात.

एवढ्या जवळच्या शेजाऱ्यांशी एरवी भांडण का होत नाही, याचे उत्तर 1993 च्या दोन प्रयोगांतून मिळू लागले. प्रतिकारशास्त्रज्ञ फिओना पॉव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या टी पेशी (प्रतिकारयंत्रणेतील एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) नसलेल्या उंदरांना निरोगी उंदरांच्या टी पेशींचा एकच गट टोचला. काही आठवड्यांत त्यांचे मोठे आतडे दाहाने सुजले. दुसरा गटही सोबत टोचला तेव्हा दाह झाला नाही. आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी त्या दुसऱ्या गटात होत्या. त्याच वर्षी जर्मनीतील कोलोन शहराच्या संशोधकांनी इंटरल्यूकिन-10, म्हणजे दाह शमवण्याचा संदेश देणारे प्रथिन, न बनवणारे उंदीर तयार केले आणि त्यांनाही आतड्याचा दाह झाला. असे उंदीर पुढे पूर्ण जंतुमुक्त पेटीत वाढवले तेव्हा आतडे शाबूत राहिले. आवर सुटलेला होताच, पण ज्यांच्यावर सुटायचे ते जिवाणूच नव्हते.

माणसातला पुरावा 2009 मध्ये मिळाला, तो अगदी लहान मुलांकडून. जन्मानंतर पहिल्या वर्षातच भयंकर आजारी पडलेल्या काही बाळांमध्ये इंटरल्यूकिन-10 चा संदेश घेणारे ग्राहक प्रथिनच सदोष निघाले. त्यांच्यापैकी एकाला रक्तपेशी घडवणाऱ्या मूळपेशींचे रोपण केल्यावर आजार आटोक्यात आला. एका जनुकातला दोष, त्यातून झालेला आजार आणि नेमका त्याच दोषावरचा उपाय अशी सरळ साखळी या विषयात क्वचितच हाती लागते.

बहुतेक रुग्णांत अनेक जनुकांचा थोडा-थोडा वाटा असतो. जोखमीशी जोडलेल्या गुणसूत्रांवरील जागांची संख्या आता 200 च्या वर गेली आहे. पहिले ठोस जनुक, सोळाव्या गुणसूत्रावरील नॉड2, 2001 मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतील दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधले. हे प्रथिन पेशीच्या आत जिवाणूंच्या भित्तिकेचा तुकडा ओळखते. क्रोन्सशी निगडित बदलांमुळे ही ओळख मंदावते. दोन्ही प्रती सदोष असल्या तर क्रोन्सची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, तरीही अशा बहुतेकांना आजार होत नाही. दाहाच्या आजारातले पहिले जनुक शोधायला गेले आणि हाती आले ते जिवाणू ओळखण्यात कमी पडणारे. ‘अतिरेकी प्रतिकारशक्ती’ ही कल्पना येथेच डळमळीत झाली.

यानंतर एटीजी16एल1 हे जनुक पुढे आले. पेशीतील कचरा आणि आत शिरलेले जंतू मोडीत काढण्याच्या कामात ते लागते. अमेरिकेतील सेंट लुईसमधील संशोधकांना या जनुकाची उणीव असलेल्या उंदरांत पॅनेथ पेशी बिघडलेल्या दिसल्या. तेच उंदीर अधिक स्वच्छ जागी वाढवले तेव्हा पेशी ठीकठाक होत्या. दोन जागांतला फरक होता एका नोरोव्हायरसचा. जनुक आणि विषाणू एकत्र आले तरच बिघाड, असे 2010 मध्ये स्पष्ट झाले. एकच जनुकदोष असलेली दोन भावंडे, एक आजारी आणि एक धडधाकट, याचा विचार करताना हा प्रयोग आठवावा.

औषधांनी जेवढे शिकवले तेवढेच औषधांच्या अपयशानेही शिकवले. दाह भडकवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब 1998 मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झाले आणि उपचारांची दिशाच बदलली. एटानरसेप्टही टीएनएफलाच अडवते, संधिवातात उत्तम चालते, पण क्रोन्समध्ये निष्प्रभ ठरले. केवळ मोकळा टीएनएफ टिपून भागत नाही, पेशीच्या पृष्ठभागावरचा टीएनएफही महत्त्वाचा असावा, असा अर्थ त्यातून काढला गेला. 2006 मध्ये इंटरल्यूकिन-23 च्या ग्राहकातील एक दुर्मीळ बदल आयबीडीपासून संरक्षण देतो असे आढळले. इंटरल्यूकिन-23 हा रेणू इंटरल्यूकिन-17 बनवणाऱ्या टी पेशींना बळ देतो, म्हणून 17 लाच रोखणारे सेक्युकिनुमॅब क्रोन्समध्ये वापरून पाहिले. रुग्णांचा त्रास उलट वाढला. इंटरल्यूकिन-17 आतड्याच्या अस्तराची डागडुजी करते, हे उंदरांवरील प्रयोगांतून नंतर उमगले. 23 ला अडवणारी युस्टेकिनुमॅब आणि रिसांकिझुमॅब ही औषधे मात्र यशस्वी झाली.

2024 मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील जेम्स ली यांच्या गटाने एकविसाव्या गुणसूत्रावरील ओसाड भागाचा छडा लावला. त्या भागात प्रथिन बनवणारे जनुक नाही, पण तेथील बदल दूरच्या ईटीएस2 जनुकाला जोर देतो आणि जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी दाहाकडे वळतात. एमईके या प्रथिनाला रोखणाऱ्या, इतर आजारांत आधीच वापरात असलेल्या औषधांनी रुग्णांच्या आतड्याच्या नमुन्यांत हा दाह मंदावला. आतड्याबाहेरचे दुष्परिणाम टाळून हे कसे साधायचे, हा पुढचा प्रश्न आहे.

हे बरेचसे ज्ञान युरोपीय वंशाच्या रुग्णांवर उभे आहे. नॉड2 मधले क्रोन्सशी निगडित तीन नेहमीचे बदल भारतीयांत फार विरळ आढळतात. शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षय आहे. क्षय आणि क्रोन्स दोन्ही लहान आतड्याच्या टोकाशी व्रण करतात, दोन्हींत पेशींच्या गाठी दिसतात. त्यात टीएनएफच क्षयाच्या जंतूंना त्या गाठींत कोंडून ठेवतो, त्यामुळे तो अडवण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी करावीच लागते. निदान अडले तर डॉक्टर आधी क्षयाची औषधे देऊन काही महिन्यांनी कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडे तपासून, व्रण भरले का ते पाहतात. रुग्णाला खरोखर क्रोन्स असेल तर या काळात त्याचे आतडे अरुंद होण्याचा धोका वाढतो. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांना आतड्याच्या क्षयाच्या रुग्णांच्या रक्तात नियामक टी पेशींचे प्रमाण क्रोन्सच्या रुग्णांपेक्षा जास्त आढळले. त्या फरकावरून रक्ताच्या तपासणीनेच दोन आजार वेगळे ओळखता यावेत, असा त्या संशोधनाचा रोख आहे.